पाठमोरे बसलेले भाऊ

लेकीची दुसऱ्या दिवशी जावाची परीक्षा होती. जावा म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, पण जावा नव्हतं. मग ती सराव कशावर करणार? ती कॉलेजात गेलेली असताना कासारवाडीहून दुरुस्तीवाले भाऊ आले. नाव मी लाजून विचारलंच नाही. पडद्यावर बोट टेकवून ते प्रत्येक ओळ पुटपुटत वाचायचे, मगच बटण दाबायचे.

मध्येच म्हणाले, "पासवर्ड टाका, ताई," आणि दाराकडे तोंड करून बसले.

लेकीने तो कागदावर लिहून ठेवला होता. मी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काहीच उमटेना. घाबरून तीच अक्षरं परत परत दाबली. दोनदा चुकलं.

"भाऊ, तुम्हीच टाका. मी चौथी शिकलेय."

"लिनक्सवर पासवर्ड दिसत नसतो, ताई, पण आत पोचतो. टाका सावकाश, मला कुठं गाडी पकडायचीय?"

तिसऱ्यांदा ओळी सरसर धावल्या. जावा बसलं.

लेक आता चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करते. भाऊंचं दुकान कधीच बंद झालं. मी चुकत असताना, न बघता, न हसता थांबून राहणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.