अनोळखी उपकरण

मोका गावातल्या एनेइदाचा उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात आणि घरच्यांना कच्ची केळी उकडून घालण्यात गेला. त्या रविवारी बेसबॉलची मॅच ऐन रंगात आली आणि टीव्ही अडकायला लागला. तिचा नवरा रादामेस खवळला.

“ती शेजारीण क्लोदोमिरा फुकटात आपलं वायफाय वापरतेय! योकास्ता, बघ जरा!”

लेकीने फोनवर राउटरचं पान उघडलं. घरातल्या सगळ्यांना तिनेच हौसेने नावं दिली होती: पप्पांचा फोन, माझा फोन, हॉलचा टीव्ही. अगदी एसीलासुद्धा. खाली एकच ओळ उरली होती, ‘अनोळखी उपकरण’.

“सापडली, पप्पा!”

“हाकल तिला!”

स्वयंपाकघरात एनेइदा न्यूयॉर्कच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती. बहीण हसता हसता स्क्रीनवर तशीच थिजली. बाहेरचं बोलणं एनेइदाला ऐकू आलंच होतं. ते अनोळखी उपकरण तिच्याच हातात होतं. तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि केळी सोलायला घेतली.

“बघ, टीव्ही कसा पळतोय आता!” रादामेस ओरडला. “एनेइदा, कॉफी टाक गं!”

तिने टाकली.

दुसऱ्या दिवशी ती क्लोदोमिराच्या ओसरीवर जाऊन बसली. क्लोदोमिराने काही न विचारता तिच्या फोनमध्ये पासवर्ड घातला, मग स्वतःच्या फोनवर राउटरचं पान उघडून दाखवलं. तिथे तिने लिहिलं होतं, ‘एनेइदा’.

“म्हणजे कळेल तरी, कोण आलंय ते.”

एनेइदाने मान डोलावली. बहिणीला फोन लावायचा होता, तेवढं मात्र विसरून ती त्या नावाकडे बघत राहिली.