वामनकाकांनी शेठला काय सांगितलं होतं

आजच कळलेली एक गोष्ट सांगतो, मंडळी.

आज गोडादऱ्यात एका लग्नात वामनकाका भेटले. नव्वदच्या दशकात ते आणि बाबा पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सोबत होते. काकांनी मिलच्या शेठचे कान भरले आणि त्यानं बाबांना रंगखात्यातून गोदामात टाकलं, एवढंच आम्हाला ठाऊक. तेव्हापासून दोघांचा अबोला.

आज मी विचारलंच, "काका, का केलंत असं?"

"अरे, खोकताना तुझ्या बापाला रक्त पडायचं. घरी लपवायचा. म्हणून शेठला म्हटलं, याला त्या रंगाच्या वाफेतून बाहेर काढा."

मी म्हटलं, "मग बाबांना का नाही सांगितलंत?"

"गेलो होतो. दारातूनच हाकललं त्यानं. मग मीही हट्टाला पेटलो."

तिथूनच बाबांना फोन लावला. काका काय म्हणाले ते सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याला जाऊ देऊ नकोस. मी येतोय."

तुमचाही कामावरच्या कुणाशी असा अबोला आहे का?