न चाखता केलेला रस्सा

समुद्र आमच्या सौंसरपासून इतका लांब, की मी मत्स्यशेतीच्या डिग्रीला कोकणात गेलो हे कळल्यावर शेजारच्या काकू दारातच हसत सुटल्या. "अवं माय! माळकऱ्याचं पोरगं मासोळ्या शिकून राहिलं!"

हसा बापा, हसा. मार्क जिथं पुरले तिथं गेलो होतो. पण गेल्यावर जे वेड लागलं ते निराळंच. माशाच्या खवल्यावर बारीक रेघा असतात आणि त्यावरून त्याचं वय काढता येतं, हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, त्या दुपारी मी जेवायचंच विसरलो.

जेवण्यावरूनच पुढं घोडं अडलं. दुसऱ्या वर्षी मासे टिकवण्याचा विषय आला. त्याच्या प्रॅक्टिकलला समोर शिजवलेल्या माशांच्या बश्या ठेवत. प्रत्येकीतला घास खायचा आणि वास कसा, चव कशी, ताजा की शिळा, ते आपल्या शब्दांत सांगायचं. मासा कापताना माझा हात कधी हलला नव्हता, पण घास तोंडात गेला अन् घसा बंद! सर म्हणाले, "सुट्टीनंतर परत बसा. तेव्हाही नाही जमलं तर वर्ष गेलं."

घरी येऊन मी जाहीर केलं की आता जात नाही, पांढुर्ण्याला मामाच्या कापडदुकानात बसतो. बाबा शाळामास्तर, ते वह्या तपासत राहिले. आई भाकरी थापत होती. गळ्यात तुळशीची माळ, लग्नाआधीपासूनची.

"काहून नाही जात?"

मी सगळं सांगितलं.

"तुले आवडते न ते शिकणं?"

"लय आवडते."

"मंग खाय न! माळ माह्या गळ्यात हाय, तुह्या नाही."

"सवयच नाही त खाऊ कसा? अन् घरी करन कोण?"

"मी."

मला वाटलं थट्टा करून राहिली. "अन् मीठ-तिखट पाहशीन कसं?"

"नैवेद्य कोणी चाखून पाहते का रे? जन्म गेला माहा न चाखता सयपाक करण्यात."

पुढच्या आठवडी बाजारातून मी अख्खा रोहू आणला. "मी जरा मोहगावला जाऊन येतो," असं म्हणून बाबा सकाळीच निघाले आणि अंधार पडेपर्यंत फिरकले नाहीत. मागच्या अंगणात विटांची चूल मांडली, बाजारातून नवं मडकं आणलं. हसणाऱ्या त्या काकूच आता भिंतीवरून ओरडून शिकवत होत्या, "रश्शात टाकल्यावर ढवळू नका वो, मोडन ते!"

मी कापायला बसलो. आई पदर नाकाला लावून समोर बसली. थोड्या वेळानं पदर कधी घसरला ते तिलाही कळलं नाही.

"याले पापणी नाही, मंग झोपते कसं?"

"उघड्या डोळ्यांनी."

"अन् पाण्यातच राहते त तहान लागते का याले?"

"गोड्या पाण्यातलं जवळजवळ पीतच नाही. समुद्रातलं पिते."

"खारं? मंग मीठ कुठं जाते?"

"बरंचसं कल्ल्यातून बाहेर टाकते."

"आता घ्या!" म्हणत तिनं बोटानं कल्ल्याचं झाकण उचललं आणि आत डोकावली. माझ्या अख्ख्या वर्गात इतके प्रश्न कुणी विचारत नव्हतं. मला भारी मजा वाटत होती.

मग ताट आलं. भात आणि त्यावर लालभडक रस्सा. पहिलाच घास घशाशी अडला.

"थुकू नको," आई म्हणाली. "सांग, कसं लागते?"

"चांगलं."

"चांगलं त मी बी म्हणते, न खाता. कशासारखं लागते ते सांग."

अरे, हा तर परीक्षेतलाच प्रश्न! मी विचार करत चावू लागलो आणि त्या नादात घास खाली उतरला.

"आधी गाळाचा वास येते. तळ्याच्या काठी येते तसा."

"बरं."

"मंग मऊ लागते. उकडलेल्या शेंगांसारखं, जरासं गोड."

"अन् मीठ?"

"बरोबर हाय. तिखट थोडं जास्त झालं. आंबट पाहिजे होतं."

ती पुढं वाकली होती. मी चावत होतो तसे तिचे ओठ हलत होते. मला एकदम भरून आलं. जिला एवढं जाणून घ्यायचं होतं, तिला ही चव कधीच कळणार नव्हती, आणि हे ठाऊक असूनच तिनं चूल पेटवली होती. मग मी एकही घास नुसता गिळला नाही. प्रत्येकाचं वर्णन करत गेलो, पोटाकडचा तुकडा कसा, शेपटीकडचा कसा, कातडी जिभेला कशी लागते. ताटात काटे तेवढे उरले.

"परवाच्या गाडीनं जातो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग तांब्या उचलून ती मोरीपाशी गेली आणि सकाळपासून तोंडात काहीही न घातलेल्या माझ्या आईनं खळखळून चूळ भरली.