महादेवीअक्कांची चुकलेली उत्तरं

महादेवीअक्कांच्या कमरेवर पेनाचं टोपण टेकवून मी विचारलं, "कुठं लागलं?" त्यांनी डावीकडं सांगितलं. टोपण उजवीकडं होतं.

नळदुर्गच्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये अक्का मुरुमहून यायच्या. कंबरदुखी जुनी. मणके झिजलेत, असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी वाकणंच सोडलं होतं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

दुखणं मुरलं की मेंदूला त्या भागाची नीट ओळख राहत नाही. मग तो गरजेपेक्षा जास्त जपायला लागतो. ती ओळख परत करून द्यायची, याला सेन्सरी ट्रेनिंग म्हणतात. पाठीवर काहीतरी हलकेच टेकवायचं आणि पेशंटनं न बघता जागा सांगायची. जोडीला वाकायचे व्यायाम, हळूहळू वाढवत.

हे रोज घरी करायचं, तर दुसरं माणूस लागतं. मी त्यांच्या यजमानांना, गुरुनाथअप्पांना आत बोलावलं. अप्पांचं कापडाचं दुकान. दिवसभर बोलणारा माणूस, पण माझ्यासमोर बायकोच्या पाठीला हात लावायचा म्हटल्यावर चक्क लाजला. लेकीला शिकवा म्हणाले. लेकीचे दिवस भरत आलेत, तुम्हीच शिका, असं मी सांगितलं.

पुढच्या खेपांना अक्कांची उत्तरं सुधारली. वाकायची भीतीही कमी झाली. अप्पा मात्र काळजीत दिसले. "मॅडम, घरी लई चुकती ही. काल तर एक बी बराबर न्हाय."

मी तिथंच तपासलं. अक्कांनी प्रत्येक जागा अचूक सांगितली. मला काही कळेना. अप्पा गाडी काढायला बाहेर गेले, तेव्हा अक्का पदर सावरत हळूच म्हणाल्या, "बराबर सांगितलं की उठून दुकानात जातेत ओ. चुकलं की परत बसतेत."

मी बाहेर जाऊन अप्पांना सांगितलं, प्रगती चांगली आहे, सराव बंद करू नका.

नात झाली. अक्का तिला रोज न्हाऊ घालतात आणि अप्पा शेजारी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसतात. लांबचा प्रवास झाला की कंबर अजून दुखते, पण त्यापायी अक्का अंथरूण धरत नाहीत.

घरच्या सरावात पेशंट फार चुकतोय असं कुणी सांगितलं, तर मी आता लगेच व्यायाम बदलत नाही. आधी सराव कोण घेतंय ते विचारते.