वहिनी, ठेका!

विष्णू भावोजी गेल्याचं नातीनं फोनवरून सांगितलं, तेव्हा मी लसूण सोलत होते. ‘‘हं,’’ म्हटलं आणि पुढची पाकळी उचलली. माणूस नव्वदीला टेकला की ही बातमी दारात येऊन बसलेलीच असते... तरी ती पाकळी काही सोलून झाली नाही.

ते माझे धाकटे दीर. पुढे नगरसेवक झाले, सभा गाजवल्या, ते सगळं छापून आलंच आहे. मला आठवतात ते त्याआधीचे, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतले, लालबागच्या आमच्या चाळीतून पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहू बघणारे गिरणी कामगार भावोजी. वाचनालयात कुठे तरी त्यांनी वाचलं होतं, की शंभर-सव्वाशे वर्षांमागे अमेरिकेत दुकानातला एक कारकून निवडणुकीला उभा राहिला आणि पडला; पण तो राहायचा त्या खेड्यानं जवळजवळ सगळी मतं त्यालाच दिली. पुढे तो देशाचा अध्यक्ष झाला. जेवताना रोज हीच गोष्ट. मी नवी नवरी, सातवी पास, म्हणजे अकलेचा कांदाच! मी म्हणायचे, ‘‘पडलेल्याची काय गोष्ट सांगताय? जिंकलेला कोणी मिळाला नाही?’’

‘‘वहिनी, शेजारी मत देतो ना, तोच खरा निकाल.’’

एका मोर्च्यानंतर त्यांच्यावर वॉरंट निघालं. ते डिलाईल रोडला एका नातेवाइकाकडे लपले. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन अर्ज भरायचा होता. आधी धरले गेले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण चाळीला तोंड दाखवल्याशिवाय अर्ज भरणार नाही, हा हट्ट. जमावबंदी होती. अशा वेळी सभा घ्यायची तर सत्यनारायण घालायचा, हा आमच्याकडचा शिरस्ता. मागच्या जिन्याच्या तोंडाशी पहारा माझा; तिथून फाटक दिसायचं. पोलीस दिसला की आरती सुरू करायची, एवढंच काम.

संध्याकाळी भावोजी बोलायला उभे राहिले आणि फाटकातून इन्स्पेक्टर आत आला. मी असा सूर लावला की गुरुजींच्या हातून पंचामृत सांडलं. भावोजींनी अर्धं वाक्य गिळलं, शेजाऱ्याच्या हातातले टाळ घेतले आणि मान खाली घालून वाजवू लागले. इन्स्पेक्टरनं बूट काढले, हात जोडले. चालू आरतीत कोणाला धरायचं नाही, हे त्यालाही घरून शिकवलेलं असणार. आरती संपली की मात्र... म्हणून आम्ही ती संपूच दिली नाही. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची धरली. भावोजी एकेक पाऊल मागे सरकत माझ्यापाशी आले, टाळ माझ्या हातात कोंबले.

‘‘वहिनी, ठेका सोडू नका.’’

आणि मागच्या जिन्यानं गेले.

ठेका! मला धड टाळी वाजवता येत नव्हती. दोन ओळींत टाळ एकीकडे आणि आरती दुसरीकडे. इन्स्पेक्टरनं डोळे उघडले. माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्यामागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तो सरळ माझ्याकडे चालत आला.

‘‘गो बाय, ह्यो ठेको? हाड हंय!’’

मालवणी निघाला; आण इकडे म्हणत टाळ हिसकावून घेतले त्यानं, आणि डोळे मिटून शेवटच्या आरतीपर्यंत वाजवले. मग प्रसाद घेतला, बूट चढवले. दाराशी राहिलेल्या चपलांकडे बघून म्हणाला, ‘‘एक जोड जास्त दिसता...’’ ‘‘असांदे,’’ म्हणाला आणि गेला.

भावोजींनी अर्ज भरला तो अनवाणी. पडले. पण आमच्या चाळीच्या पेटीतली मतं बहुतेक त्यांचीच निघाली. नाचत घरी आले, ‘‘वहिनी, अगदी अमेरिकेसारखं झालं!’’ मी येडी पदर तोंडाला लावून रडत बसलेली.

ते टाळ त्यांनी शेजाऱ्याकडून मागून घेतले. तेव्हापासून दर गणपतीत ते माझ्याच हातात द्यायचे आणि मी चुकले की मागून ओरडायचे, ‘‘वहिनी, ठेका!’’ इतकी वर्षं झाली, मला तो कधीच आला नाही. खरं सांगायचं तर, नंतर नंतर मी शिकलेच नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या खोलीत भजन झालं. पुतण्यानं खिळ्यावरचे टाळ काढून माझ्या हातात दिले. मी मुद्दाम ठेका चुकवला. जरा थांबले, पुन्हा चुकवला.

मागून कोणी ओरडलं नाही. सगळे शहाण्यासारखे माझ्या चुकीच्या ठेक्यावर गात राहिले...