दाराकडे निघालेली होडी

एकोणिसाव्या शतकातल्या एका जलरंगचित्राची छापील प्रत मी मोठ्या थाटात बोईसरच्या घरी आणली. बर्फाचे डोंगर, तळं, काठावर धुणं धुणाऱ्या बाया आणि होडीत दोन माणसं. भिंतीवर लावताच बायको कडाडली, "होडी दाराकडे चाललीय! घरातली लक्ष्मी घेऊन जाईल. आधी माळ्यावर टाका ते!"

मी हातोडी घेऊन गुन्हेगारासारखा उभा. तेवढ्यात तारापूरहून आलेल्या सासूबाईंनी चष्मा चढवला आणि होडीत डोकावल्या. "रिकामी हाय गो ती. मासं धराया गेल्याबिगर भरून येल कशी?"

चित्र वाचलं! मग आम्ही तिघंही काचेला नाक लावून उभे राहिलो. एवढ्या थंड तळ्यात मासा कुठला मिळत असेल? आणि त्या बाया कालवणात आंबट काय घालत असतील?