डावा गाल

ते चित्र पाहिल्यापासून ठकुबाईचा उपेंद्रावर राग होता. भोरच्या वकिलाचा हा पोरगा मुंबईला जाऊन चित्रकला शिकला, आणि शिकून केलं काय, तर घरी भांडी घासायला आलेल्या बाईला खिडकीत बसवून तिचं तोंड हिरवंगार रंगवलं! मान जांभळी, डावा गाल काळाठिक्कर, डोळ्यांत पिवळं. माझी पार हडळ केली की वो तुमी, असं ती म्हणाली तेव्हा तो हसला. दिसतं ते नाही, वाटतं ते रंगवायचं, अशी म्हणे नवी तऱ्हा होती.

वाटतं ते! वरव्याच्या सासरहून पळून ती भोरला आली, तेव्हा नवऱ्यानं, चिमाजीनं, कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचं कानशील फोडलं होतं. बरगडी आधीच मोडून झाली होती. मग दारातल्या शेळीचं मुंडकं त्यानं तिच्यादेखत उडवलं आणि पुढची पाळी तुझी म्हणून सांगितलं. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता तो मेला.

काडीमोड झाली तरच जीव वाचणार होता. पण पंच बसले ते सुगी उरकल्यावर, आणि तोवर अंगावरचे वळ जिरून गेले. चिमाजीनं बेलभंडार उचलून शपथ घेतली, की बायकोला बोटही लावलं नाही, ती बांधावरून पडली. गेनबा पाटील म्हणाले, वळ दाखव, नाहीतर मुकाट नांदायला जा. याच भीतीनं ठकुबाईनं उपेंद्राला चित्रासकट चावडीवर आणलं होतं. वळ ताजे असताना काढलेलं ते चित्र तिनं पुढं करायला लावलं.

पंच हसले. हिरवं माणूस कुणी पाहिलंय? पाटलांनी उपेंद्राला विचारलं, हे रंग हिच्या तोंडावर होते काय? आणि तो शहाणा खरं बोलला. हिरवा तिच्या भीतीचा, काळा आपल्याला आलेल्या संतापाचा, डोळ्यांनी पाहिलेलं त्यात फारसं नाही. याच्याच टाळक्यात दांडा घालावा, असं ठकुबाईला झालं. कुणी विचारलं होतं तुझ्या संतापाचं?

चिमाजी गप्प बसता तर जिंकला होता. पण चार माणसांत आपल्या नावावर खोटं खपवलं जातंय म्हणून तो पेटला आणि त्यानं चित्रावर बोट आपटलं.

"खोटं हाय ह्ये समदं! दांडा म्या उजव्या कानशिलात घातला व्हता. डावा गाल काळा कुठनं झाला?"

बेलभंडार अजून त्याच्या पुढ्यात होता. पंचांची तोंडं पाहून आपण काय बोललो ते त्याला कळलं, तसा त्यानं कमरेचा कोयता उपसला. पहिला घाव चित्राच्या मानेवर बसला, कापड टराटरा फाटलं. दुसरा त्यानं ठकुबाईवर उगारला. तेवढ्यात पाटलांची काठी त्याच्या मनगटावर पडली, हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं, आणि गड्यांनी त्याला तोंडावर पाडून दाबून धरलं.

पाटलांनी छपरातली काडी ओढली आणि मोडली. जा बाई, सुटलीस, म्हणाले.

बाहेर उपेंद्र फाटलेलं कापड सांधून पाहत होता. भीतीनं त्याचं तोंड उतरलं होतं, आणि ठकुबाईला ते अगदी हिरवं दिसलं. माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं हे, तो पुटपुटला.

"फाटू द्या, दादा," ती म्हणाली. "त्यो घाव माझा व्हता."